चाचणीच्या विमानातली कुंची

अक्का, म्हणजे माझी मोठी बहीण, तिच्या गावाहून, राजेश्वरहून, खोकं घेऊन आली तेव्हा तिच्या लेकीची लेक जर्मनीत दीड महिन्याची झाली होती. पहिली कुंची आजोळचीच लागते, म्हणून मोतीबिंदू आलेल्या डोळ्यांनी अक्कानं ती शिवली होती, कडेला मणी लावून. सोबत दोन झबली आणि शेंगदाण्याची चटणी.

"कुरियरला दे की," मी म्हणालो.

"घरात विमानवाला असताना कुरियर कामून?"

विमानवाला म्हणजे मी. कमलनगरात मागच्या खोलीत बसून मी हैदराबादच्या एका कंपनीसाठी विमानमालाच्या बुकिंगचे एपीआय तपासायचो. आमचा संगणक विमान कंपनीच्या संगणकाला विचारणार, एवढा माल आहे, जागा आहे का? तो नीट उत्तर देतो का, ते मी बघायचं. त्यात खरा माल नव्हता, खरं विमानही नव्हतं. हे मी अक्काला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर विमानवाला राहिलो नसतो.

उलट मी टेप आणून खोकं मोजलं, वजन केलं आणि तेच आकडे चाचणीत भरले. पुढच्या शुक्रवारी सिस्टीम लाइव्ह, म्हणजे खऱ्या मालासाठी सुरू, होणार होती. मग पहिला माल अक्काचाच पाठवायचा, असा माझा बेत. बायको म्हणाली, "अहो, तोवर लेकरू वाढायचं थांबणार हाय का?" मी हसण्यावारी नेलं.

चाचणीत खोकं रोज उडायचं, रोज फ्रँकफुर्टला पोचायचं. मला केवढं समाधान! मग एकदा चुकून वजनाच्या जागी शून्य पडलं, तरी उत्तर आलं: स्वीकारलं. विमान कंपनीच्या त्या चाचणीच्या संगणकाला नाही म्हणताच येत नव्हतं. मी वर कळवलं. उत्तर आलं, पुढच्या शुक्रवारी बघू.

"पोचली का रे कुंची?" अक्का फोनवर विचारायची.

"निघायलीय, अक्का."

असे बरेच शुक्रवार गेले. पोरगी पालथी पडली, बसायला लागली. हे मला अक्काच सांगायची. शेवटी दोन ओळींची मेल आली. प्रकल्प बंद, आणि माझं कामही.

खोकं कपाटावरच होतं. चटणी खवट झालेली. ते घेऊन मी राजेश्वरला गेलो आणि अक्काला सगळं सांगितलं. तिनं कुंची मुठीवर चढवून बघितली.

"आता बसणार न्हाई तिला."

"दुसरी शिव, अक्का. मी उद्याच कुरियर करतो."

"सुईत दोराच जाईना झालाय, बाबा."

एवढ्यात शेजारीण डोकावली. पाहुणे कोण, तिनं विचारलं.

"माझा भाऊ," अक्का कुंचीची घडी घालत म्हणाली. "विमानाचं काम करतो."