मानकऱ्यांच्या मागून धावताना

सातवीत शाळा सुटली आणि चुलत्याच्या ओळखीवर मी साताऱ्याकडून ग्वाल्हेरला आलो. ज्यांनी थारा दिला ते आबासाहेब म्हणजे संस्थानी फौजेतले निवृत्त सुभेदार. जयेंद्रगंजात त्यांच्या घरामागच्या खोलीत मी झोपायचो, जेवायचो त्यांच्या स्वयंपाकघरात. त्यांचे उपकार मी जन्मात विसरणार नाही. हे आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचून कुणी मला कृतघ्न म्हणायला नको.

संस्थान विलीन होऊन काही वर्षं झाली होती. दरबार गेला, फौज गेली, आणि आता मध्यभारत राज्यही मोडून कचेऱ्या भोपाळला जाणार होत्या. मी एका कचेरीत हंगामी शिपाई होतो. कायम माणसं भोपाळला जाणार आणि हंगामी आपापल्या घरी, एवढं मला कळत होतं. माझं घर फार लांब होतं, आणि तिथं माझ्या वाटणीची भाकरी कुणी राखून ठेवली नव्हती.

आमचे साहेब इंदूरहून आलेले. त्यांना इंग्रजी मासिकं वाचायची सवय. क्षयरोग्यांच्या इस्पितळाच्या मदतीसाठी शहरात मॅरेथॉन घ्यायची ही टूम त्यांचीच. खरी मॅरेथॉन किती लांब असते हे त्यांना ठाऊक होतं की नाही, देव जाणे. फूलबागेतून मुरारला जायचं आणि माधवगंजावरून वळसा घालून परत यायचं, असं ठरलं. प्रत्येक कचेरीनं एक माणूस द्यायचा होता. आमच्याकडे खुर्चीतून उठताना धाप न लागणारा मी एकटाच निघालो.

"पहिल्या तिघांत आलास तर तुला भोपाळला बरोबर नेतो," साहेब म्हणाले. शर्यत पुढच्याच रविवारी होती.

सोमवारी पहाटे आबासाहेबांनी मला ताब्यात घेतलं. मी पुढं पळतोय आणि मागून टांग्यात बसून छत्रीचं टोक हलवत ते ओरडताहेत, "गुडघा वर! सीना बाहेर!"

"आबासाहेब, मला पळायचंय जी. परेड न्हाई करायची."

"पळणं म्हणजे बिघडलेली परेड. आधी परेड सुधार."

बुधवारपर्यंत माझी परेड सुधारली आणि टांग्याचा घोडा लंगडायला लागला. कचेरीत हेडक्लार्कनी सांगितलं, रोज भिजवलेले बदाम खा. बदाम दिले मात्र नाहीत. वर माहिती दिली, "पहिली मॅरेथॉन पळणारा माणूस माहितीय? पोचला आणि तिथंच मेला."

"म्हणजे कायम झाला," शेजारचे कारकून म्हणाले. सगळी कचेरी हसली. मीही हसलो, कारण हंगामी माणसानं हसायचंच असतं.

घरी आबासाहेबांच्या पत्नी, आईसाहेब, पोळीवर तुपाची धार धरायच्या. "खा रे, इतका दुबला कसा पळशील?" मी खायचो. दुसऱ्या दिवशी ते तूप घेऊन पळायचो.

शनिवारी संध्याकाळी आबासाहेब शर्यतीच्या समितीच्या बैठकीहून खुशीत परतले. रस्त्यात पाणी कोण देणार, कुणाला चक्कर आली तर काय, यावर चर्चाच झाली नव्हती. आरंभाला पुढं कोण उभं राहणार, यावर मात्र सकाळपासून खल चालला होता. शेवटी दसऱ्याच्या स्वारीत घराण्यांचा जो क्रम असायचा तोच लावला होता. माधवगंजातल्या थोरल्या सरदारांचा धाकटा मुलगा पळणार होता. त्यांचा मान पहिला.

"तू त्याच्या मागं," आबासाहेब म्हणाले. "आमच्या घरातून जातोयस."

"सुरवातीला ना जी?"

"शेवटपर्यंत. त्यांच्या पुढं आमचं घोडं कधी गेलेलं नाही."

"मग शर्यत कशाला, आबासाहेब?"

"इस्पितळासाठी!"

धाकटे सरकार पान खायलासुद्धा मोटारीनं जायचे, हे शहरातल्या अख्ख्या लष्कर भागाला माहीत होतं. त्यांच्या मागं राहिलो तर नोकरी जाणार, पुढं गेलो तर डोक्यावरचं छप्पर. मला झोप लागली नाही.

रविवारी धाकटे सरकार सर्वांत पुढं, मागं मी, माझ्यामागं बाकीच्या घराण्यांची मुलं आपापल्या पायरीनं, असे आम्ही निघालो. मुरारच्या रस्त्यावर गिरणीतली पोरं हसत बाजूनं निघून गेली. "क्यों भाई, बारात किसकी है?" एकानं विचारलं. "दूल्हा तो हाँफ रहा है!"

परतताना माधवगंजात धाकटे सरकार चालायला लागले. मग आम्हीही चालायला लागलो. वर सज्ज्यात त्यांचे वडील पाहुण्यांसह उभे. माझं भोपाळ डोळ्यांदेखत लांब चाललं होतं. मी अर्धं पाऊल पुढं होऊन चालता चालताच मुजरा केला. तो तसा जमत नाही, कुणी करायला जाऊ नये.

"धाकटे सरकार, पुढं जायची परवानगी असावी."

त्यांनी लालबुंद तोंड वळवलं. "अरे यार, इतनी देर काय करत होतास? तुम्ही सगळे मागे चिपकून, म्हणून मला थांबता येईना! जा ना, सब जा!" आणि ते हलवायाच्या ओट्यावर बसले.

मी सुटलो. बाकीचे तिथंच थांबले, कारण आता आधी कुणी जायचं यावर त्यांचा वाद सुरू झाला होता. गिरणीच्या पोरांचा घात देणगीदारांच्या सरबतानं केला. पोटं धरून ती झाडाखाली बसली होती. मी तिसरा आलो. साहेबांनी पाठीवर थाप मारली, म्हणाले, "ट्रंक बांध." पुढं त्यांनी शब्द पाळलाही.

पण त्याच वेळी शर्यतीच्या मंडपात कुणीतरी आबासाहेबांना विचारलं, "तो तुमच्याच घरचा ना?"

"आमचा?" आबासाहेब सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "छे! सरकारी माणूस आहे तो. खोली दिलीय, एवढंच."

मी ऐकलं. घरी येऊन ट्रंक भरली, कारण भोपाळपर्यंत इथं राहू देतील असं वाटेना. मग जेवायला हाक आली. मी पाटाशी उभाच राहिलो. आबासाहेबांनी उठून स्वयंपाकघराचं दार लावलं, कडी घातली आणि हळू आवाजात म्हणाले, "बैस. कुठं मागं टाकलंस त्याला?"

"माधवगंजात जी. पण विचारून."

"त्याचे वडील होते सज्ज्यात?"

"व्हते."

"पाहिलं त्यांनी?"

"पाहिलं जी."

आबासाहेबांनी ताट बाजूला सारलं, मांडी बदलली. "हं. आता पहिल्यापासून सांग. सावकाश."