अडीअडचणीला कोणाकडं जाता?
तुरीच्या शेंगा उकडल्याचा वास आला की घनसावंगीकडचं ते गाव आठवतं. मी शेतकऱ्यांच्या सर्वेक्षणाला गेले, तेव्हा तिथं दोन समाजांत भांडण पेटून एकमेकांच्या दारात जाणंही बंद झालं होतं. एका म्हाताऱ्यानं उकडलेल्या शेंगा माझ्यापुढं सरकवल्या. "अडीअडचणीला कोणाकडं जाता?" मी फॉर्ममधला प्रश्न विचारला. त्यानं बांधापलीकडच्या, दुसऱ्या समाजातल्या शेजाऱ्याचं नाव घेतलं. "त्याचा एक बैल, माझा एक, अशी आमची सावड होती. आता बोलणं न्हाई. तरी त्याचंच लिहा ताई, पण त्याला सांगू नका." दुपारी शेजाऱ्याला तोच प्रश्न विचारला. तो म्हाताऱ्याच्या शेताकडं बघत म्हणाला, "एक होता. आता त्याच्या मनात काय हाये, कोणाला ठावं? कोणीच न्हाई, असं लिहा." एकाचं उत्तर दुसऱ्याला सांगायचं नाही, हा आमचा नियम. मी तसंच लिहून उठले. पुढच्या फेरीला गेले तर म्हातारा वारला होता. शेजारी मातीलाही गेला नव्हता. मग मात्र मला राहवलं नाही, मी म्हाताऱ्याचं उत्तर त्याला सांगून टाकलं. "तवाच सांगायचं ना, बाई," तो एवढंच म्हणाला. आता मी नव्या मुलींना सर्वेक्षण शिकवते. नियम सांगते, आणि हे सांगायचं टाळते.