एक पुर्जा, एक घास

मिस्त्रीणवहिनी कुणाला हुकूम करत नसत, विनवणीही करत नसत. त्या सौदा करायच्या. अहमदनगरला त्यांच्याकडे खोली घेऊन मी राहिले, तेव्हा मुलींच्या शाळेत नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते. पहिल्याच महिन्यात तापानं अंथरूण धरलं. वहिनी काढ्याचा पेला घेऊन उशाशी आल्या. “बाई, तुमी एवढं पिऊन टाका, मी तुमच्या पोरींच्या वह्यांना कव्हरं घालते.” मी प्यायले. संध्याकाळपर्यंत त्यांनी चाळीस वह्यांना वर्तमानपत्राची कव्हरं घातली, निम्म्याहून जास्त उलटी. मूळच्या जामखेडकडच्या, दुसरीत शाळा सुटलेली.

त्यांचे मिस्त्री मोठे कसबी. पुण्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं गॅरेज होतं. चालू इंजिनावर लांब पेचकस टेकवायचे, दुसरं टोक कानाला लावायचे आणि डोळे मिटून बिघाड सांगायचे. वहिनींनी मात्र त्यांच्या हत्यारांना कधी हात लावला नाही. “त्या काळ्या हाताची भाकरी कोन खाईल?” म्हणायच्या.

दुष्काळाच्या त्या साली मिस्त्री एका ट्रकखाली झोपून काम करत होते आणि जॅक सरकला. जीव वाचला, पण मानेखालचं सगळं शरीर निकामी झालं. डॉक्टर वहिनींना म्हणाले, “हातपाय परत हलणार नाहीत. पोटात अन्न जाईल एवढं बघा.” नेमकं तेच होईना. घरी आणल्यावर आठ दिवसांत मिस्त्रींनी बोलणं टाकलं, मग खाणं. तोंडात दिलेला घास जिभेनं बाहेर ढकलायचे आणि वहिनी पदरानं हनुवटी पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायच्या. दोन घोट पाणी आणि थोडी पेज, यावर तो धिप्पाड माणूस वाळत चालला होता. अशा माणसाशी कशाच्या बदल्यात सौदा करायचा? वहिनींजवळ द्यायला काही उरलं नव्हतं.

त्याच दिवसांत विलायतेहून एक खोका आला. आदल्या वर्षी सुप्याजवळ एका साहेबांची मोटार बंद पडली होती, ती मिस्त्रींनी बाभळीखाली बसून चालू करून दिली होती. साहेब पुढं परदेशी गेले. तिथून त्यांनी आठवणीनं ही भेट पाठवली होती. अपघाताचं त्यांच्या कानावर कुठून जाणार? खोक्यात एक वीतभर मोटार सुट्या भागांत भरलेली होती. ओतीव धातूचं अंग, उघडणारी दारं, रबरी टायर, वळणारं स्टिअरिंग, आणि जिऱ्याएवढे स्क्रू. मिस्त्रींनी एकदा पाहिलं आणि मान भिंतीकडे वळवली. फेकून दे, एवढाच त्याचा अर्थ.

वहिनींनी फेकलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सगळे भाग परातीत ओतले आणि नवऱ्याच्या खाटेशी बसल्या. मी इंग्रजी कागद वाचून सांगत होते, पण आस कुठला आणि दांडी कुठली, हे मलाही कळत नव्हतं. वहिनी एक तुकडा दुसऱ्यात कोंबू लागल्या.

“उलटं लावतीस, अगं.”

तीन आठवड्यांनी ऐकलेला तो आवाज. वहिनींचा हात थांबला. “मग कसं लावू?”

“दे सोडून.”

“एक घास खावा, मग सोडते. न्हाईतर असंच उलटं ठोकून बसवीन.” मिस्त्री बराच वेळ त्यांच्या हाताकडे बघत राहिले. मग तोंड उघडलं.

तेव्हापासून रोज तसंच चाललं. एक पुर्जा, एक घास. मिस्त्री खाटेवरून सांगायचे, “कानस एकाच दिशेनं चालीव. भांडी घासतीस का?” वहिनी कडा घासायच्या, घड्याळजीकडून आणलेल्या बारीक पेचकसानं स्क्रू फिरवायच्या. मग पेचकस खाली ठेवून भाकरीचा तुकडा दुधात बुडवायच्या. तो गिळल्याशिवाय पुढचा भाग उचलायच्या नाहीत. शेजारच्या बायका म्हणत, “पडलेल्या माणसाला छळती ही.” वहिनी ऐकून घ्यायच्या.

एके दुपारी त्या नळावर गेल्या होत्या. नळाला करंगळीएवढी धार, त्यामुळे तासभर परतणार नव्हत्या. मिस्त्रींनी मला हाक मारली. “बाई, मला लई दिवस झाले, नको वाटतंय. खरं सांगतो, घास उतरत न्हाई. पन ती पुर्जा हातात घेऊन अशी बघती की थुकवत न्हाई. तिला सांगू नका.”

मी मान डोलावली. 

पावसाळा तसाच कोरडा गेला, आणि एक दिवस मागच्या चाकाची स्प्रिंग चिमट्यातून उडाली. वहिनींनी खोली झाडली, केराची माती पिठाच्या चाळणीनं चाळली, अंथरुणं झटकली. ताटातली भाकरी वाळून गेली. मिस्त्री म्हणाले, “राहू दे. मरू दे ती गाडी.”

वहिनी ओरडल्या. त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. “मरू दे म्हनू नका! परत ते तोंडातून काढू नका!” चाळणी भिंतीवर आपटली आणि मातीतच बसून राहिल्या.

मिस्त्री हलकेच म्हणाले, “सायकलच्या ब्रेकची तार आन. तिच्यातला एक धागा काढ. दाभनाभवती गच्च गुंडाळ.” तिसऱ्या खेपेला स्प्रिंग जमली. त्या दिवशी त्यांनी चार घास खाल्ले.

परात रिकामी होत आली तशा वहिनी संथ झाल्या. बसवलेला स्क्रू सैल करून पुन्हा बसवायच्या. मिस्त्रींच्या ते लक्षात आलं होतं. दिवाळीनंतर एका सकाळी ते म्हणाले, “घट्ट कर आता. झालंय.” वहिनींनी शेवटचा स्क्रू आवळला. मिस्त्रींना चेहऱ्याखेरीज स्पर्श कुठं कळत होता? त्यांनी मोटार गालावर ठेवायला सांगितली. वहिनींनी ती कानशिलापासून हनुवटीपर्यंत हळूच चालवली. मिस्त्रींनी डोळे मिटून घेतले होते. “सरळ जाती,” म्हणाले. “डावीकडं ओढत न्हाई.”

त्यानंतर त्यांनी घासाला तोंड उघडलं नाही आणि वहिनींजवळ उचलायला पुर्जा नव्हता. पाठीच्या जखमा चिघळल्या, ताप चढला. पंधरा दिवसांत मिस्त्री गेले.

पुढच्या जूनमध्ये माझी बदली कोल्हारच्या शाळेत झाली. वहिनी स्टँडवर पोचवायला आल्या. गाडी लागली, माझी ट्रंक वर चढली, तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. “बाई, तुमी रोज तिथं होता. खरं सांगा. मी ह्यांना छळलं का?”

मिस्त्रींना दिलेला शब्द मी मोडला. ते काय बोलले होते, ते सगळं सांगितलं. वाटलं, त्या कोसळतील.

 “ठावं हुतं मला,” त्या म्हणाल्या. “गिळताना डोळ्यातनं पानी यायचं त्यांच्या. रोज ठरवायची, आज न्हाई द्यायचा. पन मला सोडवंना हो, बाई.”

कंडक्टरनं घंटी दिली. त्यांनी माझं मनगट सोडलं आणि मला दारातून आत ढकललं.