हाताने निघणारं बूच

घोडेगावच्या बाजारात बैल घ्यायला आलेला माणूस त्याचे दात बघतो, खूर चाचपतो, चालवून बघतो आणि वर चार जणांना विचारतो. तोच माणूस माझ्या हार्डवेअरच्या दुकानात येतो आणि म्हणतो, "एक टोपन द्या नळाचं." किती इंची, आटे आतून की बाहेरून, काही पत्ता नसतो. वीस वर्षं मी काउंटरवर हेच ऐकतोय. बहुतेक गिऱ्हाइकांविषयी मला काडीचा आदर उरलेला नाही.

खरं तर यात समजायला अवघड काही नाही. पाइपाला बाहेरून आटे असतील तर त्यावर टोपण चढतं. फिटिंगला आतून आटे असतील तर त्यात बूच शिरतं. पण लोक टोपणाला बूच म्हणतात, बुचाला टोपण म्हणतात आणि घरी नेल्यावर ते बसलं नाही की दुकानदाराला चोर म्हणतात.

माप आणायच्या तऱ्हा तर विचारूच नका. एकजण मोटारसायकलवर मागे बसून, अंगठा आणि बोट जुळवून केलेलं कडं तसंच हवेत धरून आला होता. "एवढं," म्हणाला. सगळ्या खड्ड्यांतून ते कडं किती वेळा लहानमोठं झालं असेल, हे त्याच्या गावीही नव्हतं. दुसऱ्याने पट्टी लावून पाऊण इंची मागितलं. अर्धा इंची पाइप बाहेरून मोजला की पाऊण इंचापेक्षाही जाड भरतो, हे मी सांगितलं, तर तो मलाच पट्टी वाचायला शिकवू लागला. मध्ये काही महिने मी शहरात, सावेडीला मेव्हण्याच्या दुकानात बसायचो. तिथले बंगलेवाले मोबाईलवर फोटो पाठवून "हाच साइज" असं लिहायचे. हे शिकलेले लोक, म्हणून त्यांचा मला जास्त राग.

अशाच एका बाजाराच्या दिवशी ती आली. चाळिशीची असेल. जवळच्याच एका वस्तीवरची, कांद्याच्या रानात रोजाने जाणारी. पदराच्या गाठीतून तिने कणकेचा एक सुकलेला गोळा काढून काउंटरवर ठेवला. दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं होती, ती हसली. मीही म्हणालो, "बाई, पिठाची गिरणी पलीकडं आहे."

पण गोळा हातात घेतला आणि उजेडाकडे धरून बघितला. तिने ओली कणीक फिटिंगच्या तोंडात दाबून अलगद फिरवून काढली होती. आट्यांची रेघ न् रेघ उमटली होती. आतले आटे, अर्धा इंची. इतकं चोख माप माझ्या काउंटरवर कधी आलं नव्हतं. हे तोंडाने कबूल करायला मात्र माझी जीभ उचलली नाही.

तिने सांगितलं, "दारातला नळ कुनीतरी चोरून नेला, दादा. तीनदा लावला, तीनदा गेला. पानी कवा येईल नेम न्हाई, मी रानात असते. उघडं तोंड सगळं पानी गटारीला लावतं आन वरच्या घरांचं पानी तुटतं. आळीतले लई बोलत्यात." मग बरणीतल्या लाल प्लॅस्टिकच्या बुचांकडे बोट दाखवून म्हणाली, "ह्यातलं द्या. हातानं निघल असं."

ती रबराच्या रिंगची बुचं बांधकामावर लाइन तपासायला वापरतात. हाताने आवळायची, हाताने काढायची. माझ्या लेखी ते खेळणं. मी म्हणालो, "बूच काढायला नसतं बाई, बसवायला असतं." परत सगळे हसले. ती काहीतरी सांगू लागली, "तसं न्हाई, मी घरी असले का मला..." मी तिला वाक्य पुरं करू दिलं नाही. लोखंडी बूच पुढे ठेवलं, गळती थांबवायच्या टेपचं रीळ ठेवलं, आट्यांवर बारा वेढे मारायला सांगितले आणि मोठ्या पान्याने आवळून घ्या म्हणालो. वर अक्कलही पाजळली, की असं बसेल की तुमची नातवंडं म्हातारी होतील, तरी ते हलणार नाही. तिने पदर सावरला, वस्तू उचलली आणि गेली.

पुढच्या बाजारी ती परत आली. मला वाटलं, बदलून मागायला आली, आणि मी आधीच कपाळाला आठ्या घातल्या.

"बसलं का?" मी विचारलं.

"बसलं की. लई घट्ट बसलं," ती म्हणाली. "आळीतल्या एकानं सोताचा पाना आनून आवळून दिलं. तुमी सांगितलं तसंच." तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

"मग आता काय पाहिजे?"

"आळीला झ्याक पानी येतंय. मी घरी असते तवा मला उघडून भरायचं हुतं, तेवढंच मी सांगत हुते त्या दिशी. आता हातानं हलत न्हाई. आठ दिस झालं, हिरीवरनं आनते."

आवळायला पाना घेऊन धावत आलेला तो माणूस डोळ्यांसमोर आला आणि त्याचा राग आला. पण तो निदान स्वतःच्या पाण्यासाठी आला होता. मी पाच-सहा जणांना हसवण्यासाठी हे केलं होतं. स्वतःची इतकी लाज मला त्याआधी वाटली नव्हती.

"ज्यानं आवळलं त्यालाच सांगायचं ना, काढून दे म्हणून," मी कसंबसं म्हणालो.

"मागितला त्याला पाना," ती म्हणाली. "काढायला कुनी देईना. तुमच्याकडं इकत मिळंल का, दादा?"