काहीच सापडलं नाही

वीस वर्षं मी एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम केलं. मग आमचे ग्रंथपाल निवृत्त झाले. त्याच वर्षी कॉलेजनं वर्गणी भरून एक परदेशी डेटाबेस घेतला आणि डॉक्टरांना हवे ते संशोधनलेख त्यातून शोधून देणं माझ्या गळ्यात आलं. कंपनीच्या माणसानं ऑनलाइन दोन तास शिकवलं. शब्द अवतरणचिन्हांत टाका, मध्ये 'अँड' लिहा, निकाल नेमके येतात. मी वहीत सगळं उतरवलं आणि मनाशी धरून बसले, की निकाल कमी म्हणजे शोध चांगला.

तरी पुरता भरवसा वाटायचा नाही. पुस्तक सापडलं नाही तर कपाट पुन्हा पाहता येतं. इथं कपाटच दिसत नव्हतं.

एका सकाळी स्त्रीरोग विभागाच्या मॅडम स्वतः आल्या. पारशिवनीकडची एक मुलगी, सिकलसेल ॲनिमियाची, नुकतेच दिवस गेलेले. बाहेरच्या डॉक्टरनं दिलेली एक नवी गोळी ती घेत होती. गरोदरपणात ती चालते का, यावर काय छापून आलंय ते त्यांना हवं होतं. आजाराचं आणि गोळीचं नाव त्यांनी चिठ्ठीवर इंग्रजीत लिहून दिलं.

"दुपारपर्यंत होईल ना? ती आजच गावाला परतणार आहे."

चिठ्ठीतले शब्द मी जसेच्या तसे अवतरणचिन्हांत टाकले. तीन निकाल. एक फार जुना, दोन भलत्याच विषयावरचे. शब्द मागेपुढे केले, तर शून्य. दीड वाजता मी फोन केला.

"मॅडम, काहीच सापडलं नाही."

"काहीच नाही? बरं. मग सध्या चालू ठेवायला सांगते."

फोन ठेवला, पण 'चालू ठेवायला' हे शब्द कानातून जाईनात. माझ्या 'नाही'वर कुणीतरी काहीतरी ठरवलं होतं. मी त्या तीनपैकी एक लेख उघडून खालची संदर्भांची यादी वाचू लागले. तिथं ॲनिमियाचं स्पेलिंग चुकलेलं दिसलं. पुढच्या ओळीत तसंच. त्याच्या पुढच्याही. मग लक्षात आलं, की चुकलेलं काही नव्हतं. आपण त्या शब्दाच्या मध्ये 'ए' आणि 'ई' दोन्ही लिहितो, अमेरिकेतली माणसं 'ए' गाळतात. तो 'ए' काढून मी पुन्हा शोधलं आणि पडदा भरला. पहिल्याच पानावर त्या गोळीचं नाव होतं, गरोदरपणात ती टाळावी या इशाऱ्यासकट.

प्रिंट घेऊन मी ओपीडीकडे धावले. औषधांच्या खिडकीशी एक सडपातळ मुलगी आणि तिची सासू उभ्या होत्या.

"काहून पयता वं बाई?" सासूनं विचारलं. मी न थांबता आत घुसले.

मॅडमनी उभ्या उभ्याच पानं वाचली आणि सिस्टरला खिडकीकडे पिटाळलं. त्या दोघी परत आत आल्या तेव्हा कळलं, की पारशिवनीची मुलगी हीच. गोळी बंद झाली, दुसरी लिहून दिली गेली. सासू छातीवर हात ठेवून म्हणाली, "मले वाटलं, पोरीले काही झालं."

"मॅडम, चूक माझी," मी म्हणाले.

"स्पेलिंग मीच लिहून दिलं होतं."

"लिहिलं तुम्ही, पण 'नाही' म्हणाले मी."

त्या मुलीचं बाळंतपण पुढे नीट झालं, हे मॅडमनीच मला नंतर सांगितलं. पण त्या दुपारी मला वेगळीच धास्ती लागली होती. रजिस्टर काढून पाहिलं. तोवर मी नऊ जणांना 'काहीच सापडलं नाही' म्हटलं होतं. आठवडाभर बसून सगळे प्रश्न पुन्हा शोधले. चौघांच्या प्रश्नांवर लेख निघाले. तिघं येऊन घेऊन गेले.

चौथी कन्हानहून येणारी नर्सिंगची विद्यार्थिनी. तिनं आपल्या प्रकल्पाचा विषयच बदलला होता.

"तुम्हीच म्हणाल्या ना मॅडम, यावर कोणी कामच केलं नाही म्हणून. सर म्हणाले, मग संदर्भ कुठून आणशील?"

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. तिनं पानांची घडी घालून पिशवीत ठेवली आणि बसची वेळ झाली म्हणून निघाली.

आता शून्य आलं, की मी खुर्चीवरून उठत नाही. उत्तरात 'सापडलं नाही' लिहिलंच, तर खाली कोणकोणते शब्द टाकून पाहिले तेही लिहिते. माझं कुठं चुकलं, ते निदान दुसऱ्या कुणाला तरी दिसावं.