फुलाखालचे कोपरे

दांडिया बाजारातला वसुंधराबाईंचा शिवणवर्ग म्हणजे जवळजवळ कोर्टच. तुकड्यांचं दुपटं जोडताना चार कोपरे एका टिंबावर भेटले नाहीत, की बाई सुनावणीशिवाय निकाल देत. गेल्या सोमवारी विमलच्या दुपट्यात एक शिवण जराशी सरकली. बिचारी होणाऱ्या नातवासाठी पहिल्यांदाच शिवत होती.

"अगं, हे कोपरे आहेत की स्टेशनबाहेरच्या रिक्षा? जी ती वेगळ्याच दिशेला तोंड करून उभी!"

सगळ्या हसल्या. विमलने मान खाली घालून सगळं उसवलं.

शनिवारी मंडळाच्या प्रदर्शनात बाईंचं स्वतःचं दुपटं टांगलं होतं. मधोमध कापडाचं लाल फूल. शेजारच्या जयाबेन म्हणाल्या, "वाह बेन, फूल तो बहु सरस!"

बाई कशाबशा हसल्या. फुलाखालचे कोपरे चांगले अर्ध्या बोटाने चुकले होते. उसवायचा कंटाळा आला, म्हणून तर ते फूल उगवलं होतं!

विमलने कौतुकाने फुलावरून बोट फिरवलं आणि ते मध्येच थबकलं. तिने बाईंकडे पाहिलं, पाकळी हलकेच सारखी केली आणि म्हणाली, "बाईंचा हात म्हणजे हात!"

त्यापेक्षा थोबाडीत परवडली असती.

सोमवारी बाईंनी ते दुपटं भर वर्गात विमलच्या मांडीवर ठेवलं. "फूल उसव. सगळ्यांना दाखव."

फूल निघालं. बाईंचे कान त्याच्याहून लाल झाले.

"हसा की आता!"

कुणी हसेना. शेवटी विमलच हळूच म्हणाली, "बाई, रिक्षा!"