दाराबाहेरचा चौथा जोड

"आधी जोडे मोजायचे, मग माणसांशी बोलायचं," असं ते म्हणायचे आणि उंबऱ्याबाहेर थांबून पेन्सिलीच्या टोकाने चपला मोजायचे. ओठ हलायचे, आवाज नाही.

ते जर्मन होते. मायदेशी एका जिल्ह्याचे प्रमुख, आपल्याकडच्या कलेक्टरसारखे. दुसऱ्या महायुद्धाची लढाई संपली आणि खुर्ची गेली. इकडे आखातात, फहाहीलला, ते आमच्या कंपनीच्या क्वार्टर्सचं खातं बघत. मी त्यांची टायपिस्ट, आणि खोल्यांच्या पाहणीला गेलं की दुभाषी. "मिस, तुम्ही कमी बोलता. कचेरीत असंच हवं," हे त्यांनी केलेलं एकमेव कौतुक.

एका दुपारी पाहणी न कळवता आमच्याच बिल्डिंगवर निघाली. गाडीत पुढे ते आणि कंपनीचा सुपरवायझर, मागे मी बसले होते. घरी निरोप धाडायला वाट नव्हती. आमच्या खोलीत कागदोपत्री तीन माणसं : अब्बा, अम्मी आणि मी. चौथा मामू. तो रत्नागिरीहून लाँचने, कागदांशिवाय आलेला. सापडला असता तर आम्हा सगळ्यांनाच परत पाठवलं असतं.

गाडी वाजली तेव्हा मामू खालून धावत वर आला आणि मोठ्या पेटीमागे दडला. पण आपली माणसं तुम्हाला ठाऊकच आहेत. जीव मुठीत धरून पळतानाही त्याने चपला दाराबाहेर काढल्या होत्या.

"किती माणसं?" त्यांनी मला विचारलं.

"तीन," मी म्हणाले.

पेन्सील चौथ्या जोडावर थांबली. दारात उभ्या अम्मीचा चेहरा उतरला. "अगो, चपला भायेर रायल्या," ती पुटपुटली.

"काय म्हणतात त्या?"

"चहा घेणार का, विचारते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. शेजारच्या खोलीतून सुपरवायझरचे बूट वाजत बाहेर आले. तेवढ्यात ते वाकले, मामूच्या धुळकट चपला उचलल्या आणि कातडी बॅगेत फायलींवर ठेवून दिल्या.

"तीन माणसं, तीन जोड," ते सुपरवायझरला म्हणाले. "पुढे चला." मग मला, "चहा नको म्हणून सांगा."

दुसऱ्या दिवशी माझ्या टाइपरायटरवर वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या चपला होत्या. उसवलेला पट्टा शिवलेला.

"लढाईत आमच्याकडेही एका घराबाहेर जास्तीचा जोड होता," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "लहान मापाचा. मी लिहून घेतला."

"मग?"

"मग त्या दारात एकही जोड राहिला नाही."

काल ज्यांनी आम्हाला वाचवलं, त्यांचीच मला त्या दिवशी भीती वाटली. ती पुढेही पूर्ण गेली नाही.

वर्षभराने मामूचे कागद झाले. त्याच सुमारास त्यांचा करार संपला, आणि जाण्याआधी ते आमच्याकडे चहाला आले. दार मामूनेच उघडलं. त्यांनी बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट आमच्या चपलांच्या रांगेत नीट ठेवले आणि नुसतेच उभे राहिले.

"किती?" मी विचारलं. त्यांना आपणहून मी एवढंच काय ते विचारलं असेल.

त्यांनी खाली पाहिलं नाही.

"आज पेन्सील आणली नाही, मिस."